फुलपात्रातला जास्तीचा ठिपका

वसईकडच्या नंदाखालला शांताराम सावे यांच्याकडे सकाळी कोणी गेलं तर त्याला चहा मिळायचा, नाही असं नाही. पण चहाच्या आधी किराइताचा काढा मिळायचा. "आधी कडू, मग गोड, हा आमच्या घरचा रिवाज," असं म्हणून शांतारामभाऊ वाटी पुढे करायचे आणि पाहुण्याच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसायचे. पहिला घोट घशाखाली उतरताना माणसाचे डोळे कसे मिटतात आणि ओठ कसे वाकडे होतात, हे बघण्यात त्यांना जो आनंद व्हायचा तो दुसऱ्या कशात नव्हता. ग्रामसेवक, लाइनमन, केळीचे दलाल, सगळे त्या वाटीतून गेलेले. एकदा चर्चमध्ये नवे आलेले फादर ओळख करून घ्यायला आले, त्यांचीही सुटका झाली नाही. फादरनी वाटी रिकामी केली, क्रुसाची खूण केली आणि त्यानंतर ते आले थेट नाताळला. तेव्हाही केक दारातूनच देऊन गेले.

किराईत म्हणजे काही मोठं झाड नव्हे, गुडघ्याएवढं रोप. पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या डोंगरात आपसूक उगवतं आणि गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. दसरा झाला की शांतारामभाऊ पोतं घेऊन डोंगरात जायचे, भारे बांधून आणायचे आणि पडवीत उलटे टांगून सुकवायचे. ताप आला, किराईत. कावीळ झाली, किराईत. पोरगं अभ्यास करत नाही, किराईत. एका वर्षी वाडीतल्या केळीवर करपा पडला तेव्हा त्यांनी केळीच्या बुंध्यातही काढा ओतला होता. केळी मेल्या, पण कडू तोंडानं मेल्या असं शेजारचे प्लासिड रुमाव सांगत.

स्वतः शांतारामभाऊ रोज सकाळी न्याहारी झाल्यावर कल्हई केलेलं पितळी फुलपात्र भरून काढा प्यायचे. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. डॉक्टरी गोळ्यांचं नाव काढलं की मात्र हा माणूस खवळायचा. "ती विषं आहेत विषं! डोंगरानं दिलंय ते सोडून फॅक्टरीतलं कोण खाईल?"

आणि घरातून आवाज यायचा, "बरं."

हा आवाज आशालताबाईंचा, आणि ही गोष्ट त्यांचीच आहे. केळवे-माहीमची ही मुलगी लग्न होऊन नंदाखालला आली ती येताना एकच विद्या घेऊन आली: तोंडानं 'बरं' म्हणायचं आणि हातानं आपल्याला हवं ते करायचं. सासू सुनेला चहा पिऊ द्यायची नाही. सून 'बरं' म्हणाली आणि काढ्याच्या पातेल्यात चहा उकळून प्यायली. सासू गावभर सांगत फिरली की आमची सून किराइताला लेकासारखीच लागली. नवरा म्हणाला, मुलीला बारावीपर्यंत शिकवलं की पुरे. त्या 'बरं' म्हणाल्या, आणि विनिता रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. कधी झाली, कशी झाली, हे शांतारामभाऊंना नीटसं सांगता यायचं नाही. ते म्हणायचे, आपणच शिकवली.

भांडण हा प्रकार आशालताबाईंना मुळात आवडायचा नाही. भांडणात वेळ जातो आणि सुकेळीसाठी सोललेली केळी उन्हात घालायची राहतात, असं त्यांचं मत होतं.

तर शांतारामभाऊंना साखर निघाली. आगाशीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळी लिहून दिली आणि ती जन्मभर घ्यावी लागेल असं सांगितलं. शांतारामभाऊंनी ती चिठ्ठी दवाखान्याबाहेरच चुरगाळून फेकली. "किराइतापुढे साखर टिकते काय?" ते म्हणाले. आशालताबाई 'बरं' म्हणाल्या, चप्पल नीट करायच्या निमित्तानं खाली वाकल्या आणि चिठ्ठी पदरात घेऊन घरी आल्या. पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या.

"पूड करून दिली तर चालेल का हो?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. शांताराम सावे काय चीज आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनीही ती वाटी प्यायली होती. "चालेल की. पण उपाशीपोटी देऊ नका, आणि दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून रक्त तपासायला पाठवा."

गोळ्या आणायची जबाबदारी प्लासिडच्या बायकोनं, बेटीनं उचलली. प्लासिडलाही साखर होती, त्यामुळे बेटी औषधाच्या दुकानात गेली तर कोणाच्या भुवया उंचावायच्या नाहीत. चर्चमधली मिस्सा आटोपून येताना ती कुंपणावरून पुडी सरकवायची. शांतारामभाऊ मागल्या दारी दात घासायला गेले की खलबत्त्यात गोळी कुटली जायची आणि फुलपात्राच्या तळाशी पडायची. वरून काढा. किराइताच्या त्या कडवटपणात हत्ती लपला असता, गोळीचं काय घेऊन बसलात! शांतारामभाऊंचा उपास असला की गोळीलाही उपास. साखर उतरली. शांतारामभाऊंनी रिपोर्ट देवळाच्या पारावर वाचून दाखवला आणि डॉक्टरांना निरोप पाठवला की तुम्ही पण किराईत सुरू करा. आशालताबाईंनी तेव्हा तोंडात पदर कोंबून हसू आवरलं. वर्षानुवर्षं हे असं चाललं आणि चांगलं चाललं. पण घरात रसायनशास्त्र शिकलेली मुलगी असली की असली सुखं फार टिकत नाहीत.

विनितानं मुंबईच्या एका संस्थेत पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला किराईत. लहानपणी ज्यानं छळलं त्याच्या पोटात काय आहे ते बघायचंच, हा त्यातला हेतू. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा काचेच्या कुपीत पांढरे स्फटिक घेऊन आली. "बाबा, हा तुमच्या किराइतातला कडूपणा. वेगळा काढलाय. ह्याचं नाव अँड्रोग्राफोलाइड."

शांतारामभाऊंनी नाव उच्चारून पाहायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर सोडला आणि स्फटिकाचा कण जिभेवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा डावा डोळा किंचित फडफडला. "आपलंच आहे," ते अभिमानानं म्हणाले. "अस्सल!"

विनितानं मग आईला सगळं समजावलं. काचेच्या पट्टीवर पांढरा थर द्यायचा, त्यावर अर्काचा थेंब ठेवायचा आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं आणि अर्कातलं एकेक रसायन आपापल्या कुवतीनं वर जाऊन थांबतं. जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरली की ठिपक्यांची रांग दिसते, आणि एका रसायनाचा ठिपका दरवेळी त्याच उंचीवर येतो. "त्याला खोटं बोलता येत नाही, आई."

"हो का?" आशालताबाई म्हणाल्या. का कोण जाणे, त्यांना ते वाक्य आवडलं नाही.

परत जाताना विनिताला घरच्या पद्धतीचा काढा नमुना म्हणून हवा होता. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, लोक जसा पितात तसाच आणा. आई मागच्या दारी बेटीशी बोलत होती, पातेल्यातला काढा अजून गाळलेला नव्हता, आणि फुलपात्रात गाळून ठेवलेला तयार होता. पोरीनं तोच अर्धा बाटलीत ओतला, फुलपात्र पातेल्यातल्या काढ्यानं पुन्हा भरलं आणि निघून गेली.

आठवड्यानं तिचा फोन आला, गावातल्या एसटीडी बूथवर. आशालताबाई धावत गेल्या. फोनवर पोरगी जवळजवळ नाचत होती. घरच्या काढ्यात एक जास्तीचा ठिपका सापडला होता! आजवर तिनं केलेल्या किराइताच्या एकाही अर्कात तो नव्हता. आणि पांढऱ्या उंदरांना तो काढा पाजला तर साध्या किराइतानं साखर जेमतेम उतरत होती, या बाटलीनं मात्र धाडकन खाली आली होती. "आई, नवीन रसायन असू शकतं! जगात कोणाला माहीत नसलेलं!"

आशालताबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "बरं," त्या म्हणाल्या. पण हे 'बरं' नेहमीचं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी विचार केला. सांगावं, तर विनिता बापाला सांगणार. ती मुलगी कसलं पोटात ठेवणार? बापाला कळलं की तो काढाही सोडील, गोळीही सोडील, आणि मग साखर त्याला सोडणार नाही. न सांगावं, तर पोरीचं शिक्षण एका कुटलेल्या गोळीवर उभं राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी त्यांनी ठरवलं की ठिपकाच नाहीसा करायचा. पुढच्या वेळी विनिता आली तेव्हा त्यांनी स्वतः पातेल्यातला काढा गाळून बाटली भरून दिली. ठिपका गेला.

झालं, संस्थेत हाहाकार. मग शास्त्र कामाला लागलं. सरांना वाटलं, रोपाच्या वयाचा फरक असेल. विनिताला वाटलं, उकळण्याच्या वेळेचा असेल. शांतारामभाऊ म्हणाले, पहिला भारा अमावास्येनंतरचा होता. शेवटी विनितालाच आठवलं की पहिला नमुना फुलपात्रातला होता. ती न कळवता सकाळी सकाळी टपकली आणि फुलपात्रातूनच काढा घेऊन गेली. ठिपका परत हजर!

आता फुलपात्रावर संशय आला. पितळेचा गुण असेल, कल्हईचा असेल, कडू द्रव्याशी धातूचा काही संयोग होत असेल. सर शहाणे होते. ते म्हणाले, नाव द्यायची घाई नको, आधी ते रसायन शुद्ध करून बघू. पण फुलपात्र घेऊन जायला हवं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. फक्त इथे कळसा मुंबईला रवाना झाला. विनितानं तिथे त्यात साधा काढा भरून रात्रभर ठेवला, कल्हई खरवडून तपासली, पितळ तपासलं. फुलपात्रानं एक शब्द काढला नाही. आशालताबाईंना मधल्या काळात स्टीलच्या पेल्यात कुटलेली गोळी घालावी लागली आणि पहिल्या दिवशी तळाशी पांढरं दिसतंय म्हणून त्यांची पाचावर धारण बसली.

एवढ्यावर थांबलं असतं तर आशालताबाईंनी अजून वर्षभर शास्त्राला खेळवलं असतं. खरं सांगायचं तर भीती वाटत असूनही त्यांना त्यात गंमत यायला लागली होती. पण शांतारामभाऊ गप्प बसणारे नव्हते. त्यांनी पारावर जाहीर केलं की मुंबईच्या शास्त्रज्ञांनी मान्य केलंय, सावे यांच्या काढ्यानं साखर जाते. लोक यायला लागले. आणि सगळ्यात आधी आला तो कुंपणापलीकडचा प्लासिड.

एका दुपारी बेटी कुंपणावरून न बोलता सरळ घरात आली. तिचा चेहरा उतरलेला होता. "आशाबाय, आमच्या माणसानं गोळ्या सोडल्या. महिना होत आला. मला आज कळलं. रोज इथे येऊन काढा पितो आणि गोळी माडाच्या आळ्यात टाकतो. पायाला खिळा लागला होता ना, ती जखम चिघळलीय. देवबापा, मी काय करू? मी सांगितलं तर म्हणतो, शांतारामला बघ, त्याला कुठे गोळी लागते?"

आशालताबाईंनी बेटीला पाटावर बसवलं. इतकी वर्षं त्यांनी जे केलं ते आपल्या घरात, आपल्या नवऱ्यासाठी केलं होतं. त्यांची थट्टा कुंपणाबाहेर जाऊन दुसऱ्याचा पाय खाईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली, कारण आता काय करावं लागणार हे त्यांना लगेच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. विनिता घरी आली होती. प्लासिड लंगडत पडवीत येऊन बसला आणि शांतारामभाऊंनी त्याच्यासाठी पेला भरला.

"प्लासिडभाऊ, थांबा," आशालताबाई दारातून म्हणाल्या. "त्या काढ्यात काही नाही."

"काही नाही म्हणजे?" शांतारामभाऊ हसले. "त्यात आख्खा डोंगर आहे!"

"तुमच्या पेल्यात असतं ते त्यांच्या पेल्यात नसतं." आशालताबाई आत गेल्या, तांदळाच्या डब्यात हात घालून गोळ्यांची पट्टी बाहेर काढली आणि पडवीत, सगळ्यांच्या मधोमध ठेवली. "डॉक्टरांची गोळी आहे. रोज कुटून घालते. साखर निघाली तेव्हापासून. प्लासिडभाऊ, तुम्ही आजच्या आज डॉक्टरकडे जा, पाय दाखवा आणि तुमची गोळी सुरू करा. माझ्यामुळे तुमचा पाय गेला तर मला हे घर खायला उठेल."

विनिता पट्टीकडे बघत होती. मग तिनं ती उचलली, मागे लिहिलेलं रसायनाचं नाव वाचलं आणि मटकन ओट्यावर बसून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आई! मी फुलपात्राची कल्हई तपासली! सरांनी कल्हईवाला शोधला!"

आणि शांतारामभाऊ? पाहुण्यांचे चेहरे बघून ज्यांचा जन्म गेला, त्यांचा चेहरा आता सगळे बघत होते. डोळे मिटले, ओठ वाकडे झाले. ते उठले आणि वाडीत निघून गेले.

प्लासिडचा पाय वाचला, एक बोट मात्र बरेच दिवस काळंनिळं राहिलं. विनितानं सोमवारी जाऊन सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, हे प्रबंधात लिही, लोकांकडून नमुना घेताना कोणाच्या हातचा घ्यावा हेही शास्त्रच आहे. साध्या किराइताचं तिचं काम पुढे चालू राहिलं. उंदरांची साखर ते थोडी उतरवत होतं, तेवढं खरं होतं, आणि तेवढंच लिहायचं तिनं ठरवलं.

घरात मात्र शांतारामभाऊंनी बायकोच्या हातचं काही न घेण्याचा पण केला. स्वतः काढा उकळला, तो करपवला. स्वतः चहा केला, त्यात मीठ पडलं. जेवायला बसले की प्रत्येक पदार्थ बोटानं ढवळून विचारायचे, "ह्यात काय आहे?"

"मेथी."

"आणखी?"

"मेथीच."

गोळी त्यांच्या ताटाशेजारी वाटीत ठेवलेली असायची. ती तशीच परत जायची. हळूहळू त्यांना तहान लागायला लागली, तांबेच्या तांबे पाणी प्यायले तरी भागेना. पारावर जाणं बंद झालं. वाडीत पाणी सोडता सोडता ते माडाला टेकून उभे राहायचे. आशालताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं की आता 'बरं' म्हणायचं नाही.

दुपारी त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मी फसवलं, ते चुकलं. पण का फसवलं ते ऐका. मला तुम्ही हवे होतात. आजही हवे आहात. मला किराईत नको, तुमचा मान नको, गावात खरं कोण ठरतं ते नको. ही गोळी घ्या, नाहीतर मी तुमच्यादेखत ह्या घरातलं आख्खं किराईत चुलीत घालते." आणि त्यांनी वाटी आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

शांतारामभाऊंनी गोळी उचलली. मग ती तोंडात टाकली आणि पाणी प्यायले. पाणी गेलं, गोळी जिभेवरच राहिली. पुन्हा घोट घेतला. डोळे मोठे झाले, मान ताठ झाली, ठसका लागला आणि गोळी टुणकन उडून त्यांच्या धोतरावर पडली. त्यांनी ती पुन्हा उचलली, पुन्हा टाकली, आणि पुन्हा तेच. पेलाभर किराईत न कुरकुरता पिणारा तो माणूस वाटाण्याएवढ्या गोळीपुढे घामाघूम होऊन बसला.

"लहानपणी हिवतापाची गोळी घशात अडकली होती," ते खाली बघत म्हणाले. "श्वास बंद झाला होता. बापानं पाठीत बुक्क्या घालून काढली. तेव्हापासून गोळी दिसली की घसा मिटतो. गावात कोणाला सांगणार हे? म्हणून मग विष आहे, विष आहे असं म्हणत राहिलो."

आशालताबाईंना हसूही येईना आणि रडूही थांबेना. त्या त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शांतारामभाऊंनी ओली गोळी वाटीत ठेवली आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"कूट," ते म्हणाले. "आणि जरा बारीक कूट. इतकी वर्षं तळाशी ते खरखरीत लागायचं, मला वाटायचं डोंगराची माती आहे."